कुलूपबाई

आमची आत्या कुठल्याही खोलीत शिरली की आधी दारं बघते, मग माणसं. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांचं लक्ष नवरा-नवरीकडे असतं तेव्हा ही स्टेजच्या मागे जाऊन मागचं दार उघडतं का ते ढकलून पाहत असते. सिनेमाला गेलो की तिला कडेचीच खुर्ची लागते. हॉटेलात उतरलो तर सामान खोलीत टाकायच्या आधी ती जिन्याने एकदा खालपर्यंत जाऊन येते आणि वर आल्यावर सांगते, "जिन्यात गाद्या रचून ठेवल्यात त्यांनी." काका, म्हणजे तिचे यजमान, अशा वेळी निमूटपणे पेपर उघडतात. इतक्या वर्षांच्या संसारात आपण या बाईला एका जागी बसून चहाचा कप रिकामा करताना पाहिलेलं नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. आत्या ते ऐकायला तिथे नसतेच, कारण ती तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपला जिन्याच्या वाटेतून बाजूला करत असते.

तिचं कामच तसं आहे. इमारतीत आग लागली तर आतली माणसं जिवंत बाहेर पडतील का, हे आग लागायच्या आधी तपासायचं. लोक त्याला फायर ऑडिट म्हणतात, आणि त्यांना वाटतं की भिंतीवरच्या लाल सिलिंडरांच्या तारखा वाचल्या की संपलं. आत्या सिलिंडर सगळ्यात शेवटी बघते. आधी ती विचारते, इथे कोण असतं? जागं असतं की झोपलेलं? चालता येतं का, ऐकू येतं का? धूर आला तर त्यांना कोण सांगणार आणि ती कुठून जाणार? मग ती त्या वाटेने स्वतः चालत निघते, आणि वाटेत कुठे ना कुठे कुलूप भेटतंच. गोदामात चोरीच्या भीतीने लावलेलं, शाळेत पोरं पळतात म्हणून, सोसायटीत गच्चीवर कोणीतरी सिगारेट ओढतं म्हणून. आत्या कुलपासमोर उभी राहते आणि चावी मागते. "चावी ना, ती याच्याकडे असेल," असं म्हणत माणसं इकडेतिकडे पळतात. चावी येईपर्यंत ती घड्याळ बघत राहते. आली की म्हणते, "एवढ्यात सगळी गेली असती." त्यावरून तिचं नाव पडलं कुलूपबाई. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं.

पूर्वी ती विमा कंपनीत होती. जळालेल्या जागा बघून नुकसान किती ते ठरवायचं, हे काम. एकदा ती पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली. तिथल्या काही बायका बाहेर येऊ शकल्या नव्हत्या. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि रखवालदार कोपऱ्यावर चहा प्यायला गेला होता. तो धावत परत आला तेव्हा कुलूप इतकं तापलं होतं की हात लावता येईना. आत्या पोचली तेव्हा तो अजून त्याच दाराशी बसून होता. येईल त्याला खिशातून चावी काढून दाखवत होता. "माझ्याकडेच होती, बघा," एवढंच म्हणत होता. त्याला कोणी ओरडत नव्हतं, त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं. आत्याने आपलं काम पुरं केलं, घरी आली, आणि जेवता जेवता काकांना म्हणाली, "मी नेहमी नंतरच जाते. नंतर जाऊन काय उपयोग?" मग तिने परीक्षा दिल्या, परवाना काढला, नोकरी सोडली आणि आधी जायला लागली.

मी यात आले ती ड्रायव्हर म्हणून. माझी नोकरी तिच्या शहरात लागली, मी तिच्याकडे राहायला आले. आत्याला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवसांची तिची कामं माझ्या गळ्यात पडली. वृद्धाश्रमाचं प्रकरण मला जवळून बघायला मिळालं ते त्यामुळे.

तो आश्रम एका जुन्या लॉजच्या जागेत होता. खाली दुकानं, वरच्या मजल्यावर आश्रम. एक लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. पॅसेजच्या मधोमध एक भिंत आणि तिच्यात जाड, जड दार, म्हणजे मजल्याचे दोन भाग. पुढच्या भागात लिफ्ट आणि मोठा जिना, मागच्या भागाच्या टोकाला अरुंद मागचा जिना. तिथे राहणारी बहुतेक माणसं स्मरण हरवलेली. आपली मुलं ओळखू न येणारी, सकाळ की संध्याकाळ ते न कळणारी. त्यांच्यावर राज्य होतं मेट्रनचं. उंच, सडसडीत बाई. आवाज कधी चढवायच्या नाहीत आणि कमरेला चाव्यांचा जुडगा.

मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं. आत्या त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे कशाला?"

"टेलरमास्तरांसाठी," मेट्रन म्हणाल्या.

टेलरमास्तर मागेच उभे होते. बारीक, ताठ, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेले. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस. आता स्वतःचं नाव आठवत नव्हतं, पण समोर माणूस आला की बोटांनी हवेतच त्याचं माप घ्यायचे. रोज दुपारचा चहा झाला की त्यांना दुकान उघडायला जायचं असे. एकदा ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध चालताना सापडले होते, दोन्हीकडून गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि हे आपले सरळ चालले होते.

"मॅडम," मेट्रन म्हणाल्या, "आग लागेल की नाही, कधी लागेल, तुम्हालाही माहीत नाही. मास्तर रोज निघतात. मी कशाची काळजी करू?"

"दोन्हींची."

"ते लिहायला सोपं आहे. इथे मावश्या किती, बघितलंत ना? एक आंघोळ घालते, एक भरवते, एक अंथरुणं बदलते. दारावर कोण उभं करू? आणि आग लागलीच तर चावी माझ्या कमरेला आहे."

नेमकं हेच वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. आत्याचा चेहरा मी पाहिला. त्यानंतर तिने काही ऐकून घेतलं नाही. कुलूप निघालंच पाहिजे, त्याशिवाय सही नाही, एवढं सांगून ती जिना उतरली सुद्धा. सही नसेल तर आश्रमाचा परवाना लटकणार होता, म्हणून चालकांनी दोन दिवसांत कुलूप काढून साधी कडी लावली आणि दार उघडलं की वाजणारी घंटा बसवली.

मास्तरांना कडी काढायला फार दिवस लागले नाहीत. एका दुपारी घंटा वाजली तेव्हा जवळची मावशी एका आजींना आंघोळ घालत होती. त्यांना साबण लागलेल्या अवस्थेत टाकून तिला जाता आलं नाही. ती दारापाशी पोचली तोवर जिना मोकळा होता. मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कधीकाळी त्यांचं दुकान होतं त्या गल्लीत, पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण चालणं संपलं.

त्यांची मुलगी आमच्या घरी आली. झेरॉक्सचं दुकान चालवणारी, पन्नाशीच्या आसपासची बाई. बोटांना काळी पूड लागलेली होती, दुकान तसंच टाकून आली असावी. दारातच उभी राहिली.

"तुम्हीच का त्या कुलूपबाई?"

"हो," आत्या म्हणाली. "आत या."

"नको. एवढंच सांगायला आले. बाबा आता कुठे जाणार नाहीत. आता तिथे कुलूप असलं काय, नसलं काय. तुमच्या मनासारखं झालं."

काकांनी "बसा तरी" म्हणेपर्यंत ती गेली होती. आत्या स्वयंपाकघरातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून स्वयंपाकघरात अशी येरझारा घालत राहिली. काकांनी टीव्ही लावला, मग बंद केला. "तुझी चूक नाही त्यात," ते म्हणाले.

"मग कोणाची? मावशीची?"

"कोणाचीच नसते कधी कधी."

"माझ्या धंद्यात तसं नसतं," आत्या म्हणाली.

पुढच्या सुट्टीला आम्ही परत आश्रमात गेलो. मागच्या दाराला पुन्हा कुलूप होतं. मेट्रन जुडग्यावर हात ठेवून तयारीत उभ्या होत्या, भांडण होणार म्हणून. पण आत्याने कुलपाकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्या माणसांचा दिवस कसा जातो ते मला बघू द्याल? मी मध्ये येणार नाही."

मग कितीतरी सुट्ट्या आमच्या तिथेच गेल्या. कोण कधी उठतं, कोण दुपारी भटकतं, कोणाला दोघींनी धरल्याशिवाय उभं राहता येत नाही, सगळं आत्या बघत राहिली. मेट्रन आधी तुटक बोलत, मग वाद घालायला लागल्या, मग त्या दोघी माझ्यादेखत तासन्‌तास भांडत. त्या भांडणातून एकेक गोष्ट ठरत गेली. कुलपाच्या जागी चुंबकाचं कुलूप आलं. एरवी ते दार घट्ट धरून ठेवायचं, पण धुराची घंटा वाजली किंवा वीज गेली की आपोआप सुटायचं. मेट्रनचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्या रोज सकाळी ते सोडवून बघत आणि रोज सकाळी थोड्या निराश होत, कारण ते चालायचं.

आत्याने दुसरी गोष्ट शिकवली ती अशी की, इथल्या माणसांना घेऊन लगेच जिना उतरायचा नाही. अशा माणसांना जिन्यावरून नेताना आगीपेक्षा जास्त हाडं मोडतात. आग पुढच्या भागात असेल तर सगळ्यांना मधल्या जाड दारातून मागच्या भागात न्यायचं, दार लावायचं आणि बंब यायची वाट बघायची. चालता न येणाऱ्यांना चादरीवर घालून ओढत न्यायचं.

त्याचा सराव झाला तेव्हा रोगी म्हणून काकांना झोपवलं. मावश्यांनी त्यांना चादरीवरून या टोकाहून त्या टोकाला ओढलं, आणि पोचल्यावर बघतात तो काका खरोखरच झोपलेले. मावश्या हसून हसून भिंतीला टेकल्या. मास्तर आता चाकाच्या खुर्चीत होते. त्यांनी आत्याला जवळ बोलावलं, तिचे खांदे नजरेनं जोखले आणि म्हणाले, "डावा खांदा एक बोट खाली आहे. पॅड घालावं लागेल." आत्या हसली नाही. "घाला," म्हणाली. मधल्या दाराजवळच्या खोलीत एक आजी कायम पलंगावर असत, उशाशी रेडिओ लावून. सगळे त्यांना रेडिओआजी म्हणत. त्यांना चादरीवर घेतलं तर त्यांनी रेडिओ सोडायला साफ नकार दिला, म्हणून रेडिओसकट ओढायचं असं ठरलं.

"आणि या दाराच्या पलीकडे धूर येणार नाही?" मेट्रननी विचारलं.

"अर्धा तास तरी नाही."

"खात्री आहे?"

आत्याने ते दार अगदी कसून तपासलं. बिजागऱ्या बदलायला लावल्या. फटींना धूर अडवणारी पट्टी लावून घेतली. शेवटी जमिनीवर पालथी झोपून दाराखालून कागद सरकतो का ते पाहिलं. उठून साडी झटकली आणि म्हणाली, "आहे."

आग लागली ती दुपारीच, जेवणं उरकून सगळे आडवे झाले होते तेव्हा. मी कामावर होते आणि आत्या दुसऱ्याच एका इमारतीत, त्यामुळे हे सगळं मी नंतर मेट्रन आणि मावश्यांच्या तोंडून ऐकलं. पुढच्या भागातल्या कपड्यांच्या खोलीत इस्त्रीची वायर तापली आणि धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याने पेट घेतला. घंटा वाजली. मावश्यांनी सराव केला होता तसंच केलं. चालणाऱ्यांना हाताला धरून, बाकीच्यांना चादरीवरून, सगळ्यांना मधल्या दारातून मागे आणलं. रेडिओआजी सगळ्यात शेवटी आल्या. दार लागलं. मेट्रननी माणसं मोजली. सगळी होती. दाराच्या फटीतून धुराचा धागासुद्धा येत नव्हता.

"आम्हाला वाटलं, झालं, जिंकलो," एक मावशी मला सांगत होती. "मग ती धाकटी मावशी मेट्रनना म्हणाली, सिस्टर, वर बघा."

छताला फॉल्स सीलिंग होतं. पांढऱ्या चौकोनी टाइल्स आणि मध्ये मध्ये दिवे. त्या दिव्यांच्या कडेकडेने काळा धूर उतरत होता. दार आपलं काम करत होतं. धूर दारावरून येत होता. मधली भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच बांधलेली होती. तिच्या वर, खऱ्या छतापर्यंत, मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी पोकळी होती. लॉजवाल्यांनी कधीतरी वायरी टाकायला ती मोकळी ठेवली आणि खालून पांढरं झाकण लावून टाकलं.

मेट्रनना सांगितलेलं होतं की इथे थांबायचं. त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मागचं दार ढकललं. चुंबक सुटलेला होता, दार उघडलं. "सगळे खाली," एवढंच त्या म्हणाल्या. खालचे दुकानदार आरडाओरडा ऐकून वर धावले. हार्डवेअरवाल्याने मास्तरांना पाठीवर घेतलं. चादरींना पायरीगणिक धक्के बसत होते. शेवटच्या फेरीला पॅसेजमध्ये उभं राहता येत नव्हतं, मेट्रन आणि एक मावशी गुडघ्यांवर रांगत रेडिओआजींना घेऊन आल्या.

आत्याचा फोन आला तेव्हा ती फक्त "गाडी घेऊन ये" म्हणाली. आम्ही पोचलो तोवर आग विझली होती. माणसं समोरच्या फुटपाथवर दुकानांतल्या खुर्च्यांवर बसलेली होती, कोणी खोकत, कोणी घरी कधी जायचं विचारत. मास्तरांच्या शेजारी त्यांची मुलगी उभी होती. तिने आत्याला पाहिलं, आणि थोड्या वेळाने स्वतःच जवळ आली.

"मागच्या जिन्यानं आले ते खाली," ती म्हणाली.

"कळलं मला."

"माझा राग गेलेला नाही."

"असू दे," आत्या म्हणाली. आणि तिला ओलांडून वर गेली.

वर सगळं ओलं, काळं आणि कोंदट होतं. बंबवाल्यांची शिडी तिथेच होती. आत्याने ती मधल्या दाराशी लावली, चढली, छताची एक टाइल उचलून बाजूला सरकवली आणि टॉर्च मारला. बराच वेळ ती तशीच उभी होती, डोकं छताच्या वर, पाय माझ्या डोळ्यांसमोर. मग खाली आली. अग्निशमन दलाचे अधिकारी तिच्या ओळखीचे होते.

"लॉजवाल्यांचा उद्योग," ते म्हणाले. "कोणाच्या लक्षात येणार?"

"माझ्या यायला हवं होतं. मी दारं बघत राहिले, वर बघितलंच नाही. तुम्ही लिहाल त्यात हे लिहा."

"मॅडम, उगाच स्वतःवर ओढून घेऊ नका."

"तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन."

रेडिओआजी काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारल्या. फुप्फुसं आधीच थकलेली होती, धुराने किती आणि वयाने किती ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. "सांगता येत नाही" हे उत्तर आत्याला कधीच पचलेलं नाही. त्या दिवसांत ती घरात सुद्धा मान वर करून चालायची, दोनदा उंबऱ्याला ठेचकाळली.

चौकशी बसली. सगळ्यांच्याच सोयीचं होतं की दोष लॉजच्या कंत्राटदारावर जावा, कारण तो केव्हाच वारला होता. काका आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर चिडलेले मी पाहिले.

"मागचं दार उघडलं ते कोणामुळे? माणसं वाचली ना?"

"मी त्यांना तिथे थांबायला सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "मेट्रननी माझं ऐकलं असतं तर?"

"नाही ना ऐकलं."

"ते त्यांचं शहाणपण. माझं काय?"

चौकशीच्या दिवशी मात्र काका स्वच्छ शर्ट घालून तिच्याबरोबर गेले आणि दिवसभर बाकावर बसून राहिले.

मेट्रनची साक्ष मी ऐकली. त्या दिवशी कमरेला जुडगा नव्हता, त्यामुळे त्या वेगळ्याच दिसत होत्या. "यांनी कुलूप काढायला लावलं नसतं तर मी धुरात चावी लावत बसले असते," त्या म्हणाल्या. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मान हलवली. "आणि यांनी सांगितलं तसं मी थांबले असते तर आज इथे बोलायला नसते. दोन्ही लिहून घ्या." आत्याकडे न बघता त्या खाली बसल्या. बाहेर पडताना दोघी जिन्यात एकमेकींना भेटल्या. मेट्रननी तिच्या दंडावर हात ठेवला आणि काढून घेतला.

आत्याचा परवाना एक वर्षासाठी काढून घेतला गेला.

आम्हाला वाटलं, आता तरी ही घरी बसेल. तिने बाजारातून घडीची शिडी आणली. मग आधी तपासून सही केलेल्या एकेका जागेला फोन लावायला लागली. "मी परत येऊ का? पैसे नकोत, सहीही करणार नाही. वर बघायचं राहिलंय." काहींनी फोन ठेवून दिला. एका मॅनेजरने सांगितलं, आमच्याकडे तुमची सही आहे, आता पुन्हा शंका काढू नका. पण काहींनी येऊ दिलं. शिडी गाडीच्या टपावर बांधून मी तिला नेत असे. ती छताची टाइल उचलायची, टॉर्च मारायची, आणि मी खाली शिडी धरून तिच्या टाचांकडे बघत तिच्या श्वासावरून ओळखायचा प्रयत्न करायचे. बऱ्याच ठिकाणी भिंत वरपर्यंत गेलेली असे. एका शाळेत नव्हती. लहान मुलांच्या वर्गांना आणि प्रयोगशाळेला जोडणारी तशीच पोकळी निघाली. मुख्याध्यापक शिडीवर चढून स्वतः बघून आले आणि उतरल्यावर त्यांना पाणी लागलं. भिंत शाळेच्या त्या सुट्टीतच पुरी झाली. त्या दिवशी तिथून निघताना आत्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. गाडीत ती म्हणाली, "तीन वर्षं. तीन वर्षं त्या मुलांवर माझी सही होती."

वर्ष संपलं, परवाना परत मिळाला. आश्रमाने तोवर नवी जागा घेतली होती. बैठी इमारत, प्रत्येक खोलीला अंगणात उघडणारं दार आणि अंगणाला कुंपण, म्हणजे मास्तरांसारख्या कोणाला चालायचं असेल तर चालू द्यावं. ती कल्पना मेट्रनची. त्यांनी आत्याला फोन केला, जागा तपासून द्या म्हणून.

"आधी दुसऱ्या कोणाला तरी दाखवा," आत्या म्हणाली. "मग मी येते. त्याने काय लिहिलं ते मला सांगू नका, आणि मी काय लिहिलं ते त्याला सांगू नका."

दुसरा म्हणजे एक तरुण इंजिनिअर होता. नाकावर घसरणारा चष्मा, अतिशय हळू बोलणारा आणि त्याहून हळू चालणारा. दोघांनी आपापलं तपासलं, मग मेट्रननी दोघांना समोरासमोर बसवलं. आत्याला त्याच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट सापडली होती: अंगणातलं एक दार आतल्या बाजूला उघडत होतं, आणि त्याच्यामागे कपाट आलं होतं. त्याला आत्याच्या नजरेतून सुटलेल्या दोन. स्वयंपाकघराच्या भिंतीतून नळाचा पाइप गेला होता, त्याच्याभोवतीचं भोक बुजवलेलं नव्हतं. आणि धुराची घंटा शेवटच्या खोलीत नळ चालू असताना ऐकू येत नव्हती. त्याने प्रत्येक खोलीत नळ सोडून ऐकून पाहिलं होतं.

मला वाटलं, आत्या खट्टू होईल. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझ्या देखत एखाद्या माणसाला विचारलं, "तुम्हाला झोप लागते का रात्री?"

"फारशी नाही," तो म्हणाला.

"तुमचा नंबर द्या."

तेव्हापासून आत्या एकटीने कुठल्याच जागेवर सही करत नाही. तिच्या जागा तो परत बघतो, त्याच्या ती. पैसा अर्धा होतो, वेळ दुप्पट लागतो. काका म्हणतात, घरात एक अस्वस्थ माणूस होतं, आता फोनवर दुसरं आलं. मेट्रन अधूनमधून तिला बोलावतात, तपासायला नाही, नुसतं या म्हणून. ती जाते, मास्तरांपाशी थोडी उभी राहते. ते आता माप घेत नाहीत, नुसते तिच्या बाहीचं कापड बोटांत धरून बघतात. त्यांची मुलगी तिथे असली तर दोघी हवापाण्याचं बोलतात.

परवा रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. त्या इंजिनिअरचा फोन आला. एका हॉस्पिटलच्या तळघरात त्याला एक बंद खोली सापडली होती. नकाशात नव्हती आणि आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तिच्या बरोबर वर ऑपरेशन झालेले रोगी ठेवत. आत्याने ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, ताट बाजूला सारलं आणि हात धुवायला उठली.

"जेवून तरी जा," काका म्हणाले.

"तुम्ही जेवा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "गाडी काढ."